सोसायटीचा मॅनेजर: सांगकाम्या की जबाबदार व्यावसायिक?

(सोलापुरात गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी, मॅनेजर आणि रहिवासी यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला भाषणाची सवय नाही. एकोणीस वर्षं मी सोलापुरातल्या सोसायट्यांची दप्तरं सांभाळतो. मेंटेनन्सची बिलं काढणं, थकबाकीसाठी फोन करणं, पंपवाल्याला शोधून आणणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. त्यामुळे आज जे बोलणार आहे त्याची सुरुवात दुसऱ्यांच्या चुकांपासून करणार नाही. माझ्या चुकीपासून करतो.

गोष्ट २०१७ सालची आहे. विजापूर रोडवरच्या चव्वेचाळीस फ्लॅटच्या एका सोसायटीत मी मॅनेजर होतो. एका फ्लॅटचे मालक पुण्याला राहायचे. त्यांनी फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवलं. एक नर्स आपल्या आईला घेऊन राहायला येणार होती. भाडं ठरलं, अनामत ठरली. मालकांची काही तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा मला फोन आला. म्हणाले, "त्या बाईला कळवून टाक, सोसायटीची परवानगी नाही म्हणून." कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती बाई मुसलमान होती, एवढंच कारण होतं. मीही मुसलमान आहे. तरी फोन मीच केला.

ती शांतपणे म्हणाली, "भाईजान, नियम कोणता आहे तेवढा सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक माझ्या मागच्या कपाटात होतं. मी ते कधी उघडलंच नव्हतं. पुढे बऱ्याच महिन्यांनी उघडलं, तेव्हा कळलं की आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सभासदाला सोसायटीची आगाऊ परवानगी लागतच नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची. झालं. जो अधिकार सोसायटीला नव्हता, तो वापरून मी एका आईला आणि लेकीला दारातून परत पाठवलं होतं.

यावर कुणी म्हणेल, दोष सेक्रेटरींचा. आहेच. पण माझाही आहे. मला नियम माहीत नव्हता. माहीत असता तरी "साहेब, हे लेखी द्या" असं म्हणायची माझी हिंमत झाली नसती. माझ्याकडे नेमणुकीचं पत्र नव्हतं, करार नव्हता, प्रशिक्षण नव्हतं. सकाळी ठेवलं, संध्याकाळी काढलं, अशी नोकरी. अशा माणसाकडून लोक हिशेबाची, सुरक्षिततेची आणि न्यायाची अपेक्षा करतात. मॅनेजरच्या कामाला शिस्त हवी, दर्जा हवा, असं मी म्हणतो तेव्हा रहिवाशांचं हित माझ्या डोळ्यासमोर असतंच. पण त्याबरोबर मॅनेजरला ताठ उभं राहायला जमीन मिळावी, हेही असतं.

आता कायद्याकडे पाहा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटला नोंदणी करावी लागते. महारेराने त्यापुढे जाऊन २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सुरू केली. प्रमाणपत्र असेल तरच धंदा. चांगली गोष्ट झाली. पण विचार करा, एजंटाचा आपला संबंध किती दिवसांचा? व्यवहार झाला की तो निघून जातो. मॅनेजरचा संबंध पुढची तीस-चाळीस वर्षं. तुमचे दरमहाचे पैसे, तुमच्या पाण्याची टाकी, लिफ्ट, आग विझवायची यंत्रणा, सगळं त्याच्या हाती. त्याच्यासाठी मात्र ना परीक्षा, ना परवाना. सातवी नापास माणूसही सोसायटीचा मॅनेजर होऊ शकतो आणि एमबीए झालेला माणूसही काही न शिकता होऊ शकतो. दोघांनाही कुणी विचारत नाही.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा, आपला नाही, असं काहींना वाटेल. तर कुंभारीला जाऊन या. २००६ मध्ये तिथे विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. त्यानंतर रे नगर. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या माणसांची ही घरं. आडम मास्तरांनी आणि त्या कामगारांनी वर्षानुवर्षं लढून ती मिळवली.

घर मिळवण्याची लढाई मोठी होती. घर टिकवण्याची त्याहून लांबची आहे. साधा हिशेब करा. समजा, घरटी महिन्याला ३०० रुपये देखभालीला जमा केले. ३०,००० घरांचे महिन्याला ९० लाख होतात, वर्षाला १० कोटी ८० लाख. एवढा पैसा सांभाळायला, त्यातून गटारं, टाक्या, दिवे, रंगकाम बघायला किती माणसं लागतील? ती कुठे शिकली असतील? हजार विड्या वळून रोजी मिळवणाऱ्या बाईचे ते ३०० रुपये आहेत. त्यातला एक रुपया जरी गळला तरी ते पाप आहे. आणि दुरुस्ती वेळेवर झाली नाही तर वीस वर्षांनी त्या घराची काय अवस्था होईल, हे जुन्या वसाहती पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

गळती कशी होते, तेही सांगतो. कित्येक वर्षं आपल्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. म्हणजे उन्हाळ्यात टँकर आलाच. होटगी रोडच्या एका सोसायटीचं दप्तर मी ताब्यात घेतलं, तेव्हा एप्रिल महिन्याची एकतीस टँकरची व्हाउचरं होती. वॉचमनच्या वहीत नोंद बावीसची होती. नऊ टँकर कुठल्या टाकीत रिकामे झाले, ते कुणालाच माहीत नव्हतं. कमिटीने आधीच्या मॅनेजरला शिव्या दिल्या. त्याचा पगार मी पाहिला, महिन्याला साडेपाच हजार. मी त्याचं समर्थन करत नाही. पण साडेपाच हजारांत कुटुंब चालत नाही, हे कमिटीलाही ठाऊक होतं. उरलेलं तो कुठून मिळवेल, याकडे सगळ्यांनी डोळे मिटले होते.

आता थोडं आपल्या वस्त्यांबद्दल. नवी अपार्टमेंटं आपल्याकडेही भराभर उठली. त्यातल्या कित्येकांत मी गेलो. सोसायटीची नोंदणीच नाही. बिल्डरचा माणूस दर महिन्याला पैसे गोळा करतो, पावती देत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, "चाचा घरचेच आहेत, त्यांना काय हिशेब विचारायचा?" आपण अमानत हा शब्द फार आदराने वापरतो. पण अमानतीचा हिशेब द्यावाच लागतो, आणि तो मागणं म्हणजे कुणावर अविश्वास दाखवणं नव्हे. तसंच, विजापूर रोडवर आपल्याला नकार मिळाला की आपण दुखावतो, आणि दुखावलंच पाहिजे. पण आपल्या इमारतीत एकटी राहणारी बाई, दुसऱ्या जमातीचं कुटुंब, दुसऱ्या धर्माचा भाडेकरू आला तर आपण काय करतो? तिथेही तोच तोंडी नकार, तोच मॅनेजरचा फोन. नियम सगळ्यांना एकच असेल, तरच तो आपल्या उपयोगी पडेल.

बाहेर काय घडलं, ते थोडक्यात. लंडनमध्ये १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली. रहिवासी त्याआधी अनेकदा व्यवस्थापनाला धोक्याचा इशारा देत होते. त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर २०२३ च्या कायद्याने सामाजिक घरांच्या वरिष्ठ व्यवस्थापकांसाठी व्यावसायिक पात्रतेची अट तिथे आणली. खासगी इमारती सांभाळणाऱ्या एजंटांनाही परवाना, आचारसंहिता आणि पात्रता असावी, अशी शिफारस लॉर्ड बेस्ट यांच्या गटाने २०१९ मध्येच केली होती. ७२ जीव गेल्यावर शहाणपण आलं. आपण कशाची वाट बघायची?

आपल्याकडे आगीबाबतचा कायदा २००६ चाच आहे. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 'ब', दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. इथे बसलेल्या मॅनेजरांनी हात वर करावा, तुमच्यापैकी किती जणांनी मागच्या जुलैत ते दिलं? ... ठीक आहे. हात मोजत नाही.

सरकारने परवाना आणावा, ही मागणी आपण करूच. पण तोपर्यंत पाच गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, लेखी करार. मॅनेजरचं काम काय, पगार किती, तो कुणाला जबाबदार, हे कागदावर हवं. आणि पगार माणसाला जगता येईल असा हवा.

दुसरी, हिशेब. प्रत्येक पैशाची पावती, पैसा सोसायटीच्याच बँक खात्यात, आणि दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत जमाखर्च फलकावर. टँकरच्या वहीत तारीख, वेळ, गाडी नंबर आणि वॉचमनची सही. बिलाबरोबर वही जुळली तरच चेक.

तिसरी, कमिशन बंद. कंत्राटदार मॅनेजरचा किंवा कमिटीवाल्याचा नातेवाईक असेल तर आधी सांगायचं आणि ते इतिवृत्तात लिहायचं.

चौथी, लेखी उत्तर. सभासदाच्या अर्जाला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं. नकार असेल तर उपविधीचा क्रमांक घालून. ज्या नकाराला क्रमांक नाही, तो नकार मॅनेजरने कळवायचाच नाही.

पाचवी, वर्षाचं कॅलेंडर. टाकी कधी धुवायची, लिफ्टची तपासणी कधी, फॉर्म 'ब' कधी, लेखापरीक्षण कधी, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा कधी. हे ऑफिसच्या भिंतीवर टांगा, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

आणि शिक्षणाला पैसा कुठून आणायचा, असं विचारू नका. तुमच्या बिलात 'शिक्षण व प्रशिक्षण निधी' अशी ओळ असते. फ्लॅटमागे महिन्याला दहा रुपये. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत वर्षाचे ४,८०० होतात. तो पैसा बहुतेक ठिकाणी नुसता पडून असतो. दहा सोसायट्या एकत्र आल्या तर एका वकिलाला, एका सीएला, अग्निशमन दलातल्या एखाद्या जाणकाराला बोलावून वर्षभर वर्ग चालवता येईल. शेवटी आपणच एक साधी परीक्षा घेऊ. त्या प्रमाणपत्राला कायद्याची किंमत नसेल, पण पुढच्या सोसायटीत काम मागायला जाताना त्याची किंमत नक्की असेल. पहिल्या वर्गाला मी विद्यार्थी म्हणून बसेन.

त्या नर्सचा फोन नंबर माझ्याकडे राहिला नाही. तिची माफी मागायची राहून गेली. तेव्हापासून एक सवय मात्र लावून घेतली आहे. कुणी मला "अमक्याला नाही म्हणून सांग" असं म्हणालं की मी तिचाच प्रश्न विचारतो, "नियम कोणता?" दोन सोसायट्यांनी त्यापायी मला काढलं. तिसऱ्या सोसायटीने ठेवून घेतलं आणि आज सहा वर्षं झाली, तिथेच आहे.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. कपाट उघडा, उपविधींचं पुस्तक बाहेर काढा, धूळ झटका. पुढच्या महिन्यात याच ठिकाणी भेटू, तेव्हा ते बरोबर घेऊन या. पहिलं प्रकरण आपण एकत्र वाचू.