उचलणाऱ्याची पाठ

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेल्या नागपूरच्या आपल्या जरीपटक्यात आज अनेक घरांत म्हातारी माणसं आहेत, आणि त्यांना उठवणारी-बसवणारी एखादी सून किंवा लेक. आज बोलायचंय तिच्याविषयी.

आधी पाठ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. पण कमरेतून वाकून ओढू नका. गुडघे वाकवा, आणि खाली घातलेली जाड चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. एकटीनं उचलायचंच नाही, हे आग्रहानं सांगते. रात्रीची पाळी घरातल्या पुरुषांनीही घ्यावी. रोज झोपमोड झाली की रक्तदाब वाढतो. आईचं बीपी तपासाल तेव्हा स्वतःचंही तपासा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यांना पाणी पाजताना आपणही प्या.

जीव मेटाकुटीला आला, तर १४४१६ हा 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ आहे. आणि घरात कुणी सत्तरीचं असेल, तर 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढाच: कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार, उत्पन्नाची अट नाही. नोंदणीला आधार कार्ड लागतं.