मुळांच्या गाठीतील नत्र-व्यवहार : जनुकांची शिस्त



वातावरणात सुमारे ७८ टक्के नत्र आहे. तरीही पिकांची नत्राची भूक हवेवर भागत नाही. नत्राच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध तोडण्यासाठी खत कारखान्यात उच्च तापमान आणि प्रचंड दाब वापरावा लागतो. हरभरा, तूर, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू मात्र तेच कार्य जमिनीच्या नेहमीच्या तापमानात करतात. १८८८ मध्ये बायजेरिंक यांनी हे जीवाणू गाठींतून वेगळे करून वाढविले. स्वतःची गरज भागल्यावरही हा जीवाणू नत्र स्थिर करीतच का राहतो, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. त्याचे उत्तर जनुकांच्या नियंत्रणात आहे.

या सहजीवनाचा आरंभ परस्परांच्या ओळखीने होतो. मुळे फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्ये स्रवतात. ती जाणवताच जीवाणूची ‘नॉड’ जनुके कार्यान्वित होतात आणि त्यांच्याकडून तयार झालेल्या रासायनिक संकेतामुळे मूलरोम वाकतात व गाठ बनू लागते. प्रत्येक जीवाणूचा संकेत निराळा असल्याने सोयाबीनचा जीवाणू हरभऱ्याला उपयोगी पडत नाही.

गाठीत नत्र स्थिर करणारे विकर म्हणजे नायट्रोजिनेज. त्याची मुख्य प्रथिने ‘निफ’ गटातील एच, डी आणि के या जनुकांपासून बनतात. नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू बनविताना एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. शिवाय हे विकर प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते. म्हणून वनस्पती लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन निर्माण करून मुक्त प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प राखते. निरोगी गाठीचा आतील गुलाबी रंग त्याचाच असतो.

आता नियंत्रणाकडे वळू. क्लेबसिएला या मुक्तजीवी जीवाणूत अमोनिया पुरेसा मिळताच ‘एनटीआर’ ही नियंत्रण व्यवस्था निफ जनुके बंद करते. भूक शमली की श्रम थांबतात. लसूणघासाच्या गाठीत राहणाऱ्या सायनोरायझोबियम मेलिलोटी या जीवाणूत मात्र हा अधिकार प्रामुख्याने प्राणवायूच्या कमतरतेकडे गेला आहे. ‘फिक्स-एल’ हे प्रथिन ती कमतरता ओळखते, ‘फिक्स-जे’ला जागे करते आणि पुढे ‘निफ-ए’च्या द्वारे निफ जनुके सुरू होतात. एनटीआर-सी जनुक निकामी केलेला हा जीवाणू नायट्रेटचा नीट वापर करू शकत नाही. गाठीत मात्र तो नत्र स्थिर करू शकतो. त्याच वेळी गाठीतील जीवाणूची अमोनिया स्वतःत सामावून घेण्याची क्रिया मंदावते. परिणामी बहुतांश अमोनिया वनस्पतीकडे जातो. वनस्पती त्यापासून ग्लुटामिन बनविते. पुढे वाटाण्यात मुख्यतः अ‍ॅस्परॅजिन, तर सोयाबीन व तुरीत युरिडे या रूपात नत्र खोडाकडे नेले जाते. मोबदल्यात जीवाणूला मॅलेटसारखी कार्बनी आम्ले मिळतात.

२००१ मध्ये या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. नॉड व निफ जनुके प्रामुख्याने मुख्य गुणसूत्राबाहेरील, सुमारे साडेतेरा लाख आधारजोड्यांच्या एका महाप्लाझ्मिडवर असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

१९७२ मध्ये डिक्सन आणि पोस्टगेट यांनी क्लेबसिएलाची निफ जनुके ई. कोलाय या जीवाणूत नेऊन तेथे नत्र स्थिर होते हे दाखविले. तेव्हापासून गहू-भाताला हे सामर्थ्य देण्याची आशा बाळगली जाते. परंतु केवळ निफ जनुके देऊन हे साधणार नाही. प्राणवायूपासून संरक्षण, ऊर्जेचा अखंड पुरवठा आणि नियंत्रणाची शिस्त या तिन्ही गोष्टी पिकात उभ्या कराव्या लागतील.

तोवर हाती असलेल्या साधनाचा विवेकाने वापर करणे हाच मार्ग आहे. जमिनीत नायट्रेट विपुल असेल तर वनस्पती स्वतःच गाठींची निर्मिती रोखते. म्हणून कडधान्यांना युरियाचा भरमसाट मारा करणे म्हणजे या नैसर्गिक कारखान्याला टाळे ठोकणे होय. त्याऐवजी पिकाला अनुरूप जीवाणूसंवर्धकाची बीजप्रक्रिया उपयुक्त ठरते. २००६ मध्ये जैविक खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणून त्यांच्या गुणवत्तेचे निकष ठरविण्यात आले. पाकिटातील जीवाणू जिवंत आणि योग्य जातीचा असेल, तरच जनुकांतील ही शिस्त शेताच्या उपयोगी पडते.