खेळायला वेळ कुणाला?

(बालवाडी शिक्षिका व अंगणवाडी सेविकांच्या शिबिरातील भाषण)



'खेळातून मुलांची कल्पकता' हा आजचा विषय. कल्पकता बाहेरून आणावी लागत नाही, ती मुलांजवळ असतेच. तिला वाव हवा. पण हा वाव मुलग्याला आणि मुलीला सारखा मिळतो का? त्याच्या हाती गाडी, हिच्या हाती भातुकली. वस्तीत तर तीही नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर खरंखुरं बाळ असतं.

खेळाला महाग साहित्य लागत नाही. अरविंद गुप्ता यांनी 1970च्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून एक खेळ उभा केला. काड्यांचा गुल आपण आधीच खरवडून काढायचा. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन्हीकडून काड्या खोचल्या की सांधा तयार. तिसरी काडी जोडायची तर नळीला बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं.

तिसरी-चौथीच्या मुलांना त्रिकोण आणि चौकोन करायला द्या. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो. का, ते सांगू नका. 'हा ताठ कसा करशील?' एवढंच विचारा. कुणी मधे तिरपी काडी बसवू पाहील. ती आखूड पडेल. मग कुणी झाडूचा लांब हीर शोधेल, कुणी चौकोनच दाबून दोन त्रिकोण करील. दोन्ही उत्तरं बरोबर! नंतर छपराची कैची, विजेचा मनोरा दाखवा. त्रिकोण मुलंच ओळखतील.

माझ्या वस्तीतल्या गटात एक गोष्ट वारंवार दिसते. मुलगे मनोरा बांधतात, मुली काड्या गोळा करून देतात. कुणी सांगितलेलं नसतं, घरी पाहिलेलं असतं. म्हणून आम्ही पाळी लावतो. कात्री, काटा आणि केरसुणी, तिन्ही सगळ्यांच्या हाती.

आणि कडेवरच्या बाळाचं काय? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडून 'विकासवाडी' उभी केली. धाकटं भावंड पाळणाघरात राहिलं की थोरली वर्गात बसू शकते. कल्पकतेचा प्रश्न असा पाळणाघराशी येऊन भिडतो.

तेव्हा पालकसभेत खेळणी मागण्याआधी एक विचारा: तुमची मुलगी दिवसातून किती वेळ खेळते? तो वेळ तिला मिळवून देणं हे आपलं पहिलं काम आहे.