पेटीतली निम्मी पुस्तकं कुणी उघडलीच नाहीत



गेल्या दिवाळीनंतर आमच्या गावातल्या पाच बचत गटांनी मिळून मुलांसाठी पुस्तकांची पेटी केली. प्रत्येकीने वीस-वीस रुपये काढले. आम्ही तालुक्याला जाऊन थोरांची चरित्रं, सुविचार, सामान्यज्ञान अशी पुस्तकं आणली. वाटलं, पोरांना वळण लागेल. दोन महिन्यांनी पाहिलं तर निम्मी पुस्तकं कुणी उघडलीसुद्धा नव्हती! पैसा घामाचा, जिवाला लागलं.

मग मुलांनाच बोलावून विचारलं. सातवीनंतर शाळा सुटलेली एक मुलगी म्हणाली, "ताई, यात सगळे हुशारच आहेत. आमच्यासारखं कुणीच नाही." आम्ही गप्प बसलो. हे आधी विचारायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला तिला आणि दोन मुलांना दुकानात सोबत नेलं. पुस्तक मध्येच उघडायचं, एक पान वाचायचं, ओळीओळीला अडखळायला झालं तर सध्या ठेवून द्यायचं, एवढंच ठरवलं. मुलांनी आधी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' उचलला. नुसती धमाल! असू दे की, वाचायची गोडी तिथूनच लागते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आम्ही घेतली. धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण मास्तरची ती गोष्ट. सुरुवात आम्ही मोठ्याने वाचून दाखवली, मग मुलं पुढे आपली आपण गेली.

एक मुलगा मात्र गोष्टीला हात लावीना. त्याला वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दिलं. गुलामीत जन्मलेला अमेरिकेतला काळा मुलगा शेतीचा शास्त्रज्ञ होतो, कापसाने कस गेलेल्या रानात भुईमूग घ्या म्हणून शेतकऱ्यांना सांगतो. आमच्याकडे कपाशीच कपाशी. पोरगा पिकाच्या फेरपालटीवरून बापाशीच वाद घालायला लागला.

पाळी आणि वयात येण्याची माहिती देणारं पुस्तकही आणलं. दोन सासवांनी नाक मुरडलं. आधी तुम्हीच वाचा, म्हणून ते त्यांच्या हातात दिलं. पुस्तक आठवडाभराने परत आलं, तक्रार काही आली नाही.

आणि ती मुलगी? तिने लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' नेलं. जाडजूड पुस्तक, आम्हाला वाटलं दोन दिवसांत परत येईल. पण लहानपणी लग्न झालेली आणि लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकलेली ही बाई आपल्या फजित्याही लपवत नाही, हे तिला फार आवडलं. मधली पानं तिने सोडली असतील, आम्ही विचारलं नाही. तीन आठवडे पुस्तक तिच्याकडेच होतं.

आता ती दहावीला बाहेरून बसायचं म्हणते. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे. वडील अजून हो म्हणालेले नाहीत. रविवारी आम्ही चौघीजणी त्यांच्या घरी जाणार आहोत.