पिठल्यात गुठळी, पडद्यात गळती

घणसोली गावातून आजचा छोटा एपिसोड.

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेली हायड्रोजन फ्यूएल सेल बस सादर झाली. धूर नाही, बाहेर पडतं ते फक्त पाणी. अशा बसचा जीव असतो एका पातळ पॉलिमरच्या पडद्यात. प्रोटॉनला वाट द्यायची आणि हायड्रोजन वायूला अडवायचं, हे त्याचं काम.

नेफिऑन हा नेहमीचा पडदा ओला असेपर्यंतच नीट चालतो. तापमान ८० अंशांच्या वर गेलं की तो सुकायला लागतो. म्हणून संशोधक त्यात पाणी धरून ठेवणारे सिलिकाचे बारीक कण मिसळतात. झाला हायब्रिड पडदा!

पण पिठल्यासारखीच इथेही गुठळ्यांची भीती. पिठल्यात चव बिघडते, इथे गुठळीभोवती फट पडून हायड्रोजन गळू शकतो. साध्या डोळ्यांना हे दिसत नाही. मग पडदा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडतात, म्हणजे कड ताणली न जाता स्वच्छ तुटते. तिच्यावर सोन्याचा अतिपातळ थर देऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघतात. क्ष-किरणांवरून सिलिकॉन कुठे किती आहे, त्याचा नकाशाही मिळतो.

फक्त एक लक्षात ठेवा. फोटो कितीही भारी असला तरी तो पडद्याच्या कणभर जागेचा असतो. कुणी एकच फोटो दाखवला, तर बिनधास्त विचारा: बाकीच्या जागांचे फोटो कुठेत? आणि गळती मोजली का?

भेटू पुढच्या भागात!