सातवे पाऊल

(उत्तन येथे वटपौर्णिमेच्या निमित्ताने तरुण दांपत्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



भाईंदर स्थानक मागे पडले की इमारतींची गर्दी हळूहळू विरळ होते आणि उत्तनच्या समुद्राचा वारा लागतो. आपल्यापैकी अनेकांची सकाळ चर्चगेटची गाडी पकडण्यात जाते. पती एका गाडीने, पत्नी दुसऱ्या गाडीने. दिवसभरानंतर दोघांची गाठ पडते ती पाळणाघराच्या दारात, नाहीतर रात्रीच्या ताटावर. आज पूर्ण दिवस आपण दोघे एकत्र आहात, म्हणून सावित्रीची कथा आपल्याशी पुन्हा बोलावी असे वाटते.

ही कथा आपल्याला ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मनात असते ते वडाला सूत गुंडाळणाऱ्या सुवासिनीचे चित्र. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला जी सावित्री सांगतात, ती फार तेजस्वी आहे. मद्रराज अश्वपती तिला स्वतःचा वर स्वतः शोधण्यास सांगतो. ती रथातून निघते आणि राज्य व दृष्टी दोन्ही गमावलेल्या द्युमत्सेनाचा वनवासी पुत्र निवडते. सत्यवानाला एकच वर्षाचे आयुष्य आहे, असे नारद सांगतात. पिता दुसरा वर पाहण्यास सुचवतो. तिचा निश्चय ढळत नाही. निवडीचे स्वातंत्र्य आणि निवडीची जबाबदारी या दोन्ही गोष्टी ती एकदमच उचलते. आज पहिली आपल्याला हवी असते, दुसरी जड वाटते.

वर्ष संपते. यम प्राण घेऊन दक्षिणेकडे निघतो आणि सावित्री त्याच्या मागे चालू लागते. ती आक्रोश करीत नाही, शापही देत नाही. ती बोलू लागते. तिचे म्हणणे असे की, सात पावले सोबत चालले की मैत्री जडते असे जाणते लोक सांगतात. आपण सोबत चाललो आहोत, तेव्हा त्या मैत्रीच्या नात्याने माझे ऐकावे. साक्षात मृत्यूशीही ती मैत्रीच्या आधाराने संवाद साधते.

आता आपल्या विवाहातील सप्तपदी आठवा. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनासाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी. आणि सातवे? सातवे सख्यासाठी. सहा पावले टाकून झाल्यावर वर वधूला सखी होण्यास सांगतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही हे मानले आहे. जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो, असे त्याचे सातवे कलम सांगते.

मला आजच्या अनेक संसारांकडे पाहून वाटते की ते सहाव्या पावलावर थांबले आहेत. घरात अन्न आहे, दोघांचा पगार आहे, सदनिकेचा हप्ता वेळेवर जातो, मुलांना चांगली शाळा मिळाली आहे. पावसाळ्यात सहल होते, दिवाळीत खरेदी होते. सख्य मात्र राहून गेले आहे. मग कोण किती कमावते, कोण किती राबते, याची खातेवही उघडली जाते. मित्र एकमेकांची खातेवही ठेवीत नाहीत.

सावित्रीने मागितलेल्या वरांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. पहिला वर सासऱ्यांच्या दृष्टीसाठी, दुसरा त्यांच्या राज्यासाठी. तिसरा आपल्या पित्यासाठी, कारण त्याला पुत्र नव्हता. त्यानंतर स्वतःच्या संसाराचा विचार. सासर आणि माहेर ही तिच्या लेखी दोन पारडी नव्हती. आज एकुलत्या एका मुलीचे वृद्ध आईवडील डोंबिवलीत किंवा सांगलीत एकटे राहतात. त्यांच्या औषधपाण्याची चौकशी जावयाने आपणहून केली, तर ते सावित्रीचा तिसरा वर पुढे नेणेच होय.

आणि एक प्रसंग, जो व्रतकथेत फारसा येत नाही. सत्यवान शुद्धीवर येतो तेव्हा रात्र झालेली असते. तो विचारतो, मला नेणारा तो श्यामवर्ण पुरुष कोण होता? ती म्हणते, सारे उद्या सांगेन. फळांची करंडी ती झाडाच्या फांदीला अडकवते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवते आणि त्याला सावरीत आश्रमाकडे नेते. यमाला जिंकून आलेली ही स्त्री त्या क्षणी विजयाची गोष्ट सांगत बसत नाही. आधी थकलेल्या माणसाला घरी पोहोचवते. दिवसभर शिणलेली दोन माणसे रात्री अकरा वाजता जुने विषय काढतात, तेव्हा हे 'उद्या' आठवावे. उद्या मात्र खरोखर बोलावे, टाळू नये.

कार्यकर्ता बंधूंना आता थोडे स्पष्ट सांगतो. बाबाराव सावरकर आणि येसूवहिनींचे उदाहरण आपण बौद्धिकांत देतो. 1909 मध्ये बाबारावांना जन्मठेप झाली. पुढे ते अंदमानात गेले. पतीची पुन्हा भेट न होताच 1919 मध्ये येसूवहिनींनी देह ठेवला. प्रत्येक सावित्रीला सत्यवान परत मिळत नाही. पण येसूवहिनी केवळ वाट पाहत बसलेल्या पत्नी नव्हत्या. नाशिकमध्ये 'आत्मनिष्ठ युवती संघा'च्या द्वारे त्या स्त्रियांना स्वदेशीच्या कार्यात आणत होत्या. पतीचे ध्येय त्यांना माहीत होते आणि त्यात त्यांचा स्वतःचा वाटा होता. ते सातवे पाऊल होते.

आपल्या घरी काय घडते? मीही अनेक वर्षे बैठका, प्रवास, संपर्क यांत सायंकाळी घालवल्या. एकदा पत्नीने शांतपणे विचारले, "अहो, ज्या समाजासाठी तुम्ही रोज बाहेर पडता, त्या समाजात मला धरले आहे का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिने घर सांभाळले म्हणून माझे काम झाले, हे मी व्यासपीठावरून म्हणत असे; तिला कधी म्हटले नव्हते. ते काम नेमके काय, हे तर तिच्याशी बोललोही नव्हतो. कुटुंब हा समाजाचा घटक आहे असे सांगणाऱ्याचे स्वतःचे कुटुंब अबोल असेल, तर त्याच्या शब्दांना वजन कोठून येणार?

वटपौर्णिमेला भगिनी उपवास करतील. त्या दिवशी सत्यवानाने काय करावे? कथेत त्याचे उत्तर आहे. सावित्री वनात यायला निघते तेव्हा तो म्हणतो, उपवासाने तू क्षीण झाली आहेस, वाट कठीण आहे, पायी कशी चालशील? तिचा उपवास त्याच्या ध्यानात होता. पुरुषांनी एवढे तरी करावे. त्या सायंकाळी कामे बाजूला ठेवून पत्नीसोबत चालायला जावे. किनाऱ्यावर जावे, नाहीतर आपल्याच गल्लीत. हप्ता, शाळा, पाहुणे हे विषय घरी ठेवून तिचे म्हणणे ऐकावे.

सात पावलांचे अंतर फार नसते. पण ती सोबत चालावी लागतात.