डायालिसिसची मात्रा : प्रत्येकाची निराळी
(भाषणाचा मजकूर)



दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली की युरियासारखी टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी शरीरात साचू लागते. ती यंत्राच्या साह्याने काढून टाकण्याच्या उपचारास डायालिसिस म्हणतात. हॉलंडमधील कांपेन गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये असे यंत्र रुग्णांसाठी वापरले. पुढे हा उपचार रूढ झाला, तेव्हा प्रश्न आला तो मात्रेचा : कोणाला किती?

अमेरिकेत १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या रक्तात युरियाची सरासरी पातळी अधिक राहिली, त्यांचे आजारपणही अधिक होते. त्याच माहितीचे फेरविश्लेषण करून फ्रँक गॉच व जॉन सार्जंट यांनी १९८५ मध्ये मात्रेचे गणित मांडले. यंत्र दर मिनिटास जितके रक्त युरियामुक्त करते, त्यास उपचाराच्या मिनिटांनी गुणावे आणि शरीरातील एकूण पाण्याने भागावे.

समजा, यंत्र मिनिटास २०० मिलिलिटर रक्त शुद्ध करते. चार तासांत ते ४८ लिटर झाले. ज्याच्या शरीरात ३० लिटर पाणी आहे, त्याची मात्रा १.६ येते, ४० लिटर असलेल्या धिप्पाड माणसाची १.२. यंत्र तेच, वेळही तोच. परंतु उपचार सारखा नव्हे. आठवड्यातून तीन वेळा उपचार घेणाऱ्यास प्रत्येक वेळी किमान १.२ मात्रा मिळावी, असे मानले जाते.

शुद्ध झालेले रक्त पुन्हा शरीरातच मिसळते. म्हणून १.२ मात्रेनेही युरिया सुमारे दोन-तृतीयांशच कमी होतो. उपचारापूर्वीच्या व नंतरच्या रक्ततपासणीवरून हे पडताळता येते. रुग्णास लघवी होत असेल, तर उरलेल्या मूत्रपिंडशक्तीचाही हिशेब धरता येतो.

मात्र आकडा वाढवीत नेल्याने आयुष्य वाढतेच असे नाही, हे २००२ च्या अमेरिकन अभ्यासात दिसून आले. शिवाय जादा पाणी, रक्तदाब आणि आहार यांकडे स्वतंत्रपणे पाहावेच लागते.

गावाकडची शेवटची गाडी चुकेल म्हणून तो धिप्पाड रुग्ण अर्धा तास आधी उठला, तर त्याची मात्रा १.०५ वर उतरते. त्या दिवशी त्यास काही जाणवणारही नाही. उणीव साचत जाते. म्हणून रुग्णाने पूर्ण वेळ थांबावे, नातेवाइकांनी त्याच्या परतीची सोय करावी आणि आपली मात्रा किती, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.